धाकटा नेव्हीत गेलाय, पुढे पाणबुडीचं ट्रेनिंग आहे – कोणाची मुलं यातून गेलीयेत का?

सांगलीची_चिंच | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचतेय, लोणच्याच्या धाग्यावर एकदा भांडले होते तेवढंच माझं योगदान. आज लिहितेय कारण घरात कुणाशी बोलावं कळत नाहीये आणि मंडळातल्या बायकांशी बोलायची इच्छा नाहीये.

आम्ही न्यू जर्सीत. धाकटा १९ वर्षांचा, जन्म इथलाच. एक वर्ष कॉलेज केलं आणि एक दिवस जेवताना म्हणाला मी नेव्हीत चाललोय, ऑफिसर वगैरे नाही, साधा सेलर म्हणून, आणि त्यातही पाणबुडीवर. विचारत नव्हता, सांगत होता, सही करूनच आला होता. नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला सोनारचं काम मिळालंय (दागिनेवाला नव्हे हो, पाण्याखालचे आवाज ऐकून कुठलं जहाज कुठे आहे ते ओळखायचं). "नऊ वर्षं तबल्याच्या क्लासला ने-आण केली ती याच्यासाठी का," असं नवरा म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे दोघं एकमेकांशी फक्त "गाडीची किल्ली कुठंय" एवढंच बोलत होते.

१० तारखेला गेला. शिकागोच्या वर लेक मिशिगनच्या काठावर ग्रेट लेक्स म्हणून जागा आहे, आख्ख्या अमेरिकन नेव्हीचा बूट कॅम्प आता तेवढा एकच. रात्री साडेबाराला फोन आला. "मी पोचलो, ठीक आहे, कपड्यांचा खोका येईल, पत्ता पत्रातून कळेल, लव्ह यू, बाय." वीस सेकंदं पण नाही. कुणीतरी समोर कागद धरलाय आणि हा वाचतोय असा आवाज. मी "जेवलास का" एवढंच विचारलं तोवर कट.

आज तो खोका आला. जीन्स, हूडी, बूट, मोजे. हूडीला अजून त्याचा वास आहे. जीन्सच्या खिशात आलेपाकाच्या वडीचा कागद, नीट चौघडी घातलेला. एअरपोर्टवर मीच बळेबळे दिली होती, नको नको म्हणत होता. मी लाँड्री रूममध्ये खाली बसून राहिले बराच वेळ.

कोणाला अनुभव आहे का? पत्रात काय लिहायचं असतं? फोन कधी येतो? रात्री झोप कशी येते तुम्हाला?

किंग्जबे_काकू | २० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

अगं चिंचे, आधी चहा कर. मग वाच.

माझा थोरला याच वाटेने गेला, आता जॉर्जियात किंग्ज बेला आहे, मोठ्या ओहायो क्लास बोटीवर. (बोटच म्हणायचं हं, पाणबुडीला ते लोक जहाज म्हणत नाहीत, चुकून म्हटलंस तर पोरगं चेहरा कसनुसा करतं.) तो खोका सगळ्यांना येतो आणि सगळ्याजणी लाँड्री रूममध्येच बसतात. मी तर त्याचा एक मोजा उशीखाली ठेवला होता, आता सांगायला लाज नाही.

पत्ता यायला आठ-दहा दिवस लागतील. त्यात शिपचा आणि डिव्हिजनचा नंबर असतो. शिप म्हणजे त्यांची राहायची इमारत, जमिनीवरचीच, पण नाव जहाजाचं, आणि डिव्हिजन म्हणजे त्याची तुकडी. पत्ता आला की रोज लिही. साधं पांढरं पाकीट घे, त्यावर बदाम, स्टिकर, सेंट, काही नको. आमच्याकडे आत्तेबहिणीने चमकीचा पेन वापरला आणि त्या पाकिटापायी लेकाला सगळ्यांसमोर पुशअप्स काढायला लागले. खाऊ अजिबात नाही. बेसनाचा लाडू गेला तर तो त्याला मिळणार नाही, शिक्षा मात्र मिळेल.

आणि पत्रांवर नंबर घाल, १, २, ३. कधी चार एकदम पोचतात, कधी सातवं आधी आणि पाचवं नंतर. नंबर असले की त्याला कळतं आईने मध्ये लिहिणं सोडलं नव्हतं.

लिहायचं काय? फालतू गोष्टी. शेजाऱ्याचा कुत्रा, भाजीचे भाव, बापाने लॉनमोवर कसा बिघडवला. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" असलं काही लिहायचं नाही. तिथे रात्री टॉर्चमध्ये वाचतात, शेजारी दुसरा वाचत असतो, एक रडला की ओळीनं सगळे.

टोचणी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:०२

राग मानू नका पण एक विचारतो. आईबाप इथून कर्ज काढून अमेरिकेला गेले, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिले ते मुलाने शिपाई व्हावं म्हणून का? तेही दुसऱ्याच्या नौदलात? त्याला कॉलेजात टिकवायला काय झालं होतं?

सांगलीची_चिंच | २० फेब्रुवारी, दुपारी १२:३०

टोचणी, राग नाही मानला. हेच मला मंडळात संक्रांतीला तीन जणींनी विचारलं, फक्त तुमच्याइतकं सरळ नाही. "अय्या, हो का, छान" म्हणाल्या आणि असा चेहरा की कुणीतरी गेलंय घरात. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही लाज वाटली होती, भीती नंतर वाटली. ते आधी माझ्यापाशीच कबूल करायला महिना लागला.

दुसऱ्याचं नौदल म्हणालात, ते मात्र त्याचं आहे. तो इथलाच नागरिक आहे. पाणबुडीवर जायला नागरिकच लागतो, सिक्युरिटी क्लिअरन्स असतो. त्या फॉर्मात परदेशातले सगळे नातेवाईक लिहायचे, म्हणजे आमच्याकडे अर्धी सांगली. मामाची जन्मतारीख विचारायला मी तिकडे फोन केला तर वहिनी म्हणाली, "अमेरिकन नेव्हीला आमच्या ह्यांची जन्मतारीख कशाला, पत्रिका जुळवतायत का?"

जुना_पाणबुड्या | २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७:५५ (भारत)

टोचणीसाहेब, मी ३२ वर्षं आपल्या नौदलात शिपायाचा वरचा होतो फक्त. तुमची हरकत नसावी.

ताई, मी दापोलीचा. १५ वर्षं पाणबुडीवर काढली, रशियन बनावटीच्या, फॉक्सट्रॉट म्हणायचे. विशाखापट्टणमला आय.एन.एस. सातवाहनमध्ये शिकलो. आमची एक बोट, कुरसुरा, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून तिथल्याच बीचवर म्युझियम म्हणून ठेवलीय. मी नातवंडांना घेऊन गेलो होतो. ज्या फळीवर मी झोपायचो ती तिकीट काढून बघितली. नात म्हणाली आजोबा तुमचे पाय मावायचे का. नव्हते मावत.

तुम्ही म्हणता फोन कधी येतो, तर ही सवय आत्तापासून लावून घ्या, बूट कॅम्प ही त्याची रंगीत तालीमच समजा. समुद्राच्या पाण्यातून साधी रेडिओ लहर जात नाही. अगदी लांब लहरींवरचा संदेश खाली थोडाफार ऐकू येतो, पण बोलायचं तर अँटेना वर काढावी लागते, आणि बोललं की आपण कुठे आहोत ते कळतं. लपून राहणं हेच पाणबुडीचं काम. म्हणजे ती ऐकते, बोलत नाही. तुमचा लेक बोलत नाही याचा अर्थ काम बरोबर चाललंय. हे मी बायकोला पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा तिने लाटणं खाली ठेवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

कोरेगावकर | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

वाचतेय. आमचा मुलगा अग्निवीर म्हणून नेव्हीत गेला, ओडिशाला आय.एन.एस. चिल्काला ट्रेनिंग झालं. पासिंग आउटला आम्ही पुण्यातून कोणार्क एक्सप्रेसनं भुवनेश्वर आणि तिथून गाडी केली, सासूबाई ७४ वर्षांच्या, डब्यात धपाटे आणि दही-चटणी. परेड झाल्यावर पोरगं समोरून आलं आणि मी त्याला ओळखलंच नाही, दुसऱ्याच पोराकडे बघून हात हलवत होते.

आमचं टेन्शन वेगळं आहे ताई. तुमच्या लेकाची भीती पाण्याखालची, आमची चार वर्षांनंतरची. चारातला एक कायम करणार, बाकीचे घरी. पण खोक्याचं वाचून रडू आलं. आमच्याकडं खोका नाही आला, त्याच्या जुन्या चपला दारात होत्या त्या मी अजून हलवल्या नाहीत.

सांगलीची_चिंच | ९ मार्च, रात्री १०:१०

अपडेट. पत्ता आला, १४ पत्रं गेली. त्याचं पहिलं पत्र काल आलं. मराठीत! म्हणजे लिपी देवनागरी, शाळेतल्या पहिलीच्या मुलासारखी मोठी मोठी अक्षरं, रविवारच्या मराठी शाळेत जेवढं शिकला तेवढं. "आई मी ठिक आहे. इथे सगळे खोकतात. दुध चांगले आहे." का मराठीत लिहिलं कोण जाणे. शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून असणार. नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला "दूध दीर्घ असतं." मग ते फ्रिजवर लावलं. त्यानेच.

सगळे खोकतात म्हणजे काय? काळजी करू का?

किंग्जबे_काकू | १० मार्च, सकाळी ५:५०

खोकतातच गं. देशभरातली पोरं ऐंशी-ऐंशीच्या खोलीत कोंबली की काय होणार. पहिल्याच आठवड्यात कमरेखाली एक पेनिसिलिनचं जाड इंजेक्शन देतात, पीनट बटर शॉट म्हणतात त्याला, दोन दिवस नीट बसता येत नाही. पोरं ते इंजेक्शन आयुष्यभर विसरत नाहीत.

सांगलीची_चिंच | २ एप्रिल, रात्री ८:३५

काकू, तुम्ही म्हणालात खोकतातच, आणि मी सोडून दिलं. आज पत्र आलं, मजकूर दहा दिवसांपूर्वीचा. न्यूमोनिया झाला होता. आता बरा आहे पण त्याच्या डिव्हिजनमधून काढून दोन आठवडे मागच्या डिव्हिजनमध्ये टाकलंय. म्हणजे पाठवलेल्या पत्रांचा पत्ता चुकीचा, पासिंग आउटची तारीख चुकीची, विमानाची तिकिटं परत न मिळणारी, लेकीने बोस्टनहून रजा टाकलेली ती बदलून मिळत नाही. त्याचं कुणी फोन करून सांगितलं पण नाही. १९ वर्षांचा आहे, कायद्याने मोठा आहे, म्हणजे आईला कळवायची गरज नाही. मी फोन फिरवले तर शांतपणे हेच सांगितलं.

सगळ्यात वाईट त्याच्या पत्रातली ओळ. "मला माफ कर, मी मागे राहिलो."

किंग्जबे_काकू | २ एप्रिल, रात्री ९:०१

माझंच चुकलं. खोकल्यावर मी उगाच डॉक्टर झाले.

पण मागे टाकणं हे तिथे रोज होतं गं. कुणाचा पाय, कुणाचं पोहणं, कुणाची दाढ. बूट कॅम्पचे आधी आठ आठवडे होते, २०२२ ला दहा केले, २०२५ पासून नऊ, पण आपल्या पोराचे अकरा झाले तर झाले. काढून नाही टाकलं ना. आत्ताच्या आत्ता नवीन पत्त्यावर लिही. माफीबिफीवर उत्तर देऊ नको, कुत्र्याबद्दल लिही.

टोचणी | ३ एप्रिल, सकाळी ८:४०

तिकिटं बदलायला मदत लागली तर सांगा. मी ३० वर्षं ट्रॅव्हल एजन्सीत होतो. आजाराचं पत्र जोडलं की कधीकधी फक्त फरकच घेतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सांगलीची_चिंच | २८ एप्रिल, सकाळी ६:४८

पावणेसहाला फोन आला. अनोळखी नंबर, मी भांडी लावत होते, हात ओले. "आई, आय ॲम अ सेलर." आवाज पार बसलेला. मागे पन्नास पोरं तेच वाक्य आपापल्या आईला ओरडून सांगत होती.

रात्रभर परीक्षा असते म्हणे, बॅटल स्टेशन्स. इमारतीच्या आत पाण्यात उभं केलेलं २१० फुटांचं नकली जहाज, त्यात आग, पूर, जखमी माणसं, सगळं खोटं पण बारा तास. सकाळी डोक्यावरची "रिक्रूट" लिहिलेली टोपी काढून "नेव्ही" लिहिलेली देतात. म्हणाला टोपी घातल्यावर काहीच वाटलं नाही, फक्त झोप आली होती.

टोचणी, तुमच्यामुळे तिघांचे मिळून फक्त ११० डॉलर गेले. कसे आभार मानू.

चिंचेचा_नवरा | ४ मे, रात्री १:२०

नमस्कार. मी हिचा नवरा. हा धागा मी फेब्रुवारीपासून तिला न सांगता वाचत होतो, आज आयडी काढला.

ग्रेट लेक्सला जाऊन आलो. मोठा हॉल आहे, ड्रिल हॉल, बँड, झेंडे. तासभर मुलं हलत नाहीत. एक पोरगा आमच्या डोळ्यासमोर चक्कर येऊन पडायला लागला तर बाजूच्याने मान न वळवता त्याला कोपराने धरलं. शेवटी "लिबर्टी कॉल" म्हटल्यावर सगळे पालक मैदानात घुसतात आणि पोरांना जागेवरून हलायची परवानगी नसते, आपण जाऊन हात लावला की मगच ती सुटतात. मला तो सापडेना. सगळे सारखेच दिसत होते, कान बाहेर आलेले. मग एक जण समोर ताठ उभा होता आणि उजव्या हाताची बोटं मांडीच्या शिवणीवर हळूच हलत होती. तीनताल. मला माहितीय कारण तो लहानपणी गाडीत मागच्या सीटवर तेच करायचा आणि मी ओरडायचो.

मी तीन आठवडे त्याच्याशी बोललो नव्हतो. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते, मला त्यांनी ऑइलचे हात लागू दिले नाहीत. मुलाने परत पान्याकडे जायचं म्हणजे माझा हिशोब चुकला असं वाटत होतं. बाकी काही नाही.

जेवायला नेलं तर पहिली २० मिनिटं आम्ही दोघं बोललोच नाही. त्याने तीन बर्गर संपवले आणि माझे फ्राइज न विचारता घेतले.

जुना_पाणबुड्या | ४ मे, सकाळी ११:१५ (भारत)

नवरेसाहेब, तुमच्या वडिलांना पाणबुडीवर डोळे झाकून घेतलं असतं. फिटरशिवाय बोट हलत नाही.

थेम्सकाठ | ५ मे, दुपारी ४:४४

उशिरा आलो धाग्यावर. मी ग्रोटनजवळ राहतो, कनेटिकटमध्ये. थेम्स नदी इथली, लंडनची नव्हे, नावं सगळी उचललेली. तुमच्या मुलाची सबमरीन स्कूल म्हणजे माझ्या घरापासून १५ मिनिटं. सुरुवातीला बाहेर सोडत नाहीत, मग वीकेंडला सुटतात. जेवायला पाठवून द्या. बायको कोल्हापूरची आहे, जास्त सांगत नाही.

बेसच्या दारातच नॉटिलस ठेवलीय, पहिली अणुपाणबुडी. १९५८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुवाखालून गेली ती हीच. तुम्ही आलात तर आत जाऊन बघा, फुकट आहे. मी प्रत्येक पाहुण्याला नेतो, आता तिथला गार्ड मला विचारतो आज कोण.

सांगलीची_चिंच | २१ मे, रात्री २:१५

झोप येत नाहीये. गूगल केलं, करायला नको होतं. बुडालेल्या अमेरिकन पाणबुड्या. थ्रेशर, १० एप्रिल १९६३, १२९ माणसं. स्कॉर्पियन, १९६८, ९९. काहीजण तर माझ्या लेकाच्याच वयाचे.

किंग्जबे_काकू | २१ मे, सकाळी ५:३०

ही यादी सगळ्याच आया रात्री दोनला वाचतात, मीही वाचलीय. वाचलीसच तर पुढचं पान पण वाच. थ्रेशरनंतर त्यांनी सबसेफ म्हणून पद्धत आणली, पाणी आत येऊ शकेल असा प्रत्येक जोड, प्रत्येक व्हॉल्व्ह कुणी बसवला, कुणी तपासला, धातू कुठून आला याचा कागद. ते प्रमाणपत्र असलेली एकही बोट तेव्हापासून गेलेली नाही. स्कॉर्पियनकडे ते नव्हतं. माझ्या लेकाने मला हे जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी घेऊन समजावलंय.

जुना_पाणबुड्या | २१ मे, संध्याकाळी ६:३० (भारत)

आपली सिंधुरक्षक पाणबुडी २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेली, मुंबईत, धक्क्याला बांधलेली असताना. १८ जण. मी तेव्हा रिटायर होतो, टीव्हीसमोरून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. धोका नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही ताई. पण रात्री दोनला वाचू नका, दुपारी चारला वाचा, दिवसा तीच माहिती वेगळी दिसते.

थेम्सकाठ | १४ जून, रात्री ९:५०

पोरगं आलं होतं आज. उंच आहे हो, फोटोत वाटलं नव्हतं. ११ पोळ्या. मी मोजल्या नाहीत, बायकोने मोजल्या, कौतुकाने. पांढऱ्या रश्श्याच्या दोन वाट्या प्यायला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला, तीन तास. उठवलं नाही.

उठल्यावर सांगत होता. एक खोली आहे तिथे, बोटीच्या इंजिनरूमसारखी, पाइप फोडून ठेवलेले. दार लावतात आणि पाणी सोडतात, थंड. छातीपर्यंत येईस्तोवर पाचर, पट्ट्या, कपडे कोंबून गळती बुजवायची, ओरडून एकमेकांना सांगायचं. याचा हात बधिर झाला तर शेजारच्या टेक्सासच्या पोराने याच्या हातातला हातोडा घेतला आणि "हँडल माझं, तू फक्त धर" म्हणाला. मग एस्केपचा टँक. केशरी सूट घालून खालच्या चेंबरमधून वर सुटायचं, तो सूट ६०० फुटांपर्यंत चालतो म्हणे. त्याआधी हवेचा दाब वाढवून कान तपासतात, ज्याचे कान सुटत नाहीत तो तिथेच अडकतो. याचे सुटले. म्हणाला, "काका, आईला हातोड्याचं सांगा, टँकचं नको." आता मी दोन्ही सांगितलं. माफ कर रे बाबा.

डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी दिलीय.

सांगलीची_चिंच | १४ जून, रात्री १०:३१

वहिनींना सांगा मी कोल्हापूरविषयी जे जे आजवर बोललेय ते सगळं परत घेते. पांढऱ्या रश्श्यासकट.

कोरेगावकर | १५ जून, सकाळी ७:१०

सांगलीकरांनी हे लिहून दिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सांगलीची_चिंच | ८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

बऱ्याच दिवसांनी. सबमरीन स्कूल उन्हाळ्यातच झाली, मग तिथेच ग्रोटनला सोनारचा पुढचा कोर्स. आता ऑर्डर्स आल्या, किंग्ज बे! काकू, तुमच्याकडेच. एका बोटीला दोन क्रू असतात म्हणे, ब्लू आणि गोल्ड, एक पाण्यात तर दुसरा किनाऱ्यावर. डॉल्फिनचा बिल्ला अजून नाही, तो बोटीवर गेल्यावर वर्षभर राबून, प्रत्येक यंत्रणेची तोंडी परीक्षा देऊन मिळतो. तोपर्यंत त्याला कुणी विचारत नाही, भांडी घासायला पुढे, सिनेमा बघायला मागे.

एक विचारायचं होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे याच्या आजी, सांगलीला असतात, ८३. दिवाळीपासून अंथरुणाला आहेत. हा एकदा गेला की अडीच महिने. काही झालं तर त्याला कळवायचं कसं?

किंग्जबे_काकू | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ये गं. बेसपासून माझं घर पाऊण तासावर आहे, पोरगा पहिला रविवार इकडेच येणार असं ठरवून टाक.

आजींचं. ईमेल करता येतो, पण तो लगेच पोचत नाही, बोटीला जमेल तेव्हा जातो, आणि आधी कुणीतरी वाचतं. वाईट बातमी त्यात घालायची नाही, थांबवतात. पहिल्या गस्तीच्या आधी माझ्या लेकासमोर एक कागद आला होता. घरचं कुणी गेलं तर लगेच सांगायचं की परत आल्यावर. लगेच सांगितलं तरी बोट वळत नाही गं. म्हणून बरीच पोरं परत आल्यावर असंच लिहितात. माझ्याने लिहिलं होतं. मला दीड वर्षानंतर कळलं.

तू त्याला विचारू नको काय लिहिलंय.

जुना_पाणबुड्या | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

माझे वडील गेले तेव्हा मी खाली होतो. धक्क्यावर आल्यावर ऑफिसरने बाजूला घेतलं. तेरावं होऊन चार दिवस झाले होते. घरी पोचलो तेव्हा आई म्हणाली, बरं झालं तुला कळलं नाही, तुझ्या हातात काम होतं. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता मीच ७१ आहे.

सांगलीची_चिंच | ३० नोव्हेंबर, रात्री ११:५५

काकू, मी विचारलं. राहवलं नाही. रजेवर आला होता, भांडी पुसत होता माझ्या शेजारी (आता न सांगता पुसतो). म्हणाला तो कागद अजून आला नाहीये, आला की तूच सांग काय लिहू. मी काही बोलले नाही. तेवढ्यात नवऱ्याने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आजींना मागे उशी देऊन बसवलं होतं. त्यांना पाणबुडी वगैरे काही कळत नाही, त्यांच्या मते तो बोटीवर तबला वाजवायला चाललाय. त्याने त्याच्या त्या मराठीत सगळं समजावलं, की आजी मी खाली असेन, मला फोन नसेल, तुला बरं नसलं तरी मला कळणार नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग अडीच महिन्यांनीच कर की फोन. मी काय कुठं पळून चालल्येय व्हय? जाताना गरम कपडे घे, पाण्यात गार असतंय."

जानेवारीत निघायचंय. काकू, ते हाफवे नाईटचं पार्सल असतं ना, मधल्या दिवशी उघडायचं, ते किती मोठं चालतं? बुटांच्या खोक्याएवढं की त्याहून लहान? भडंग दिलं तर खाली सांडून कुणाला त्रास होईल का?

किंग्जबे_काकू | १ डिसेंबर, सकाळी ५:४५

बुटांचं खोकं फार झालं, जागा कुठे असते त्यांना. मोठी झिपलॉक पिशवी, हाताने दाबून हवा काढलेली. भडंग नको, लसणाचा वास आख्ख्या बोटीला जाईल आणि हवा तीच तीच फिरते. आलेपाकाच्या वड्या घाल.